परदेशी विद्यार्थ्यांचा दिल्लीतला उन्हाळा

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की दिल्लीतील विद्यापीठांची वसतिगृहे रिकामी होऊ लागतात. परीक्षा आटोपतात, सामान बांधले जाते आणि बिहार, केरळ, मणिपूर, महाराष्ट्र अशा चारी दिशांना मुले आपापल्या घरी निघून जातात. मागे उरतात ते परदेशी विद्यार्थी. त्यातही नेपाळचा मुलगा बसने वा रेल्वेने सीमेपर्यंत जाऊन घर गाठू शकतो; परंतु टांझानिया, मलावी किंवा मंगोलियाहून आलेल्या मुलाला दीड-दोन महिन्यांच्या सुटीसाठी जाण्या-येण्याचे विमानभाडे परवडत नाही. तो थांबतो. मेस बहुधा एक वेळच चालू असते, ग्रंथालयाच्या वेळा कमी झालेल्या असतात, प्राध्यापक रजेवर असतात आणि ज्यांच्याशी चार शब्द बोलावेत ते मित्रही गावी गेलेले असतात. बाहेर ऊन असे की दुपारी रस्त्यावर कुत्रेही फिरकू नये.

अशा मुलांसाठी संस्थेने एखादी सहल काढावी, त्यांना शहर दाखवावे, ही कल्पना चांगली आणि जुनी आहे. मौलाना आझाद यांनी १९५० साली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची स्थापना केली, तेव्हापासून परदेशी विद्यार्थी हा देशाचा पाहुणा आहे ही भूमिका शासनाने सातत्याने घेतलेली आहे. भूमिकेविषयी वाद नाहीच. माझ्या सेवाकाळात मला वारंवार जाणवले ते असे की, धोरण कितीही उदार असले तरी ते शेवटी एखाद्या खिडकीपाशी, एखाद्या बसच्या वेळापत्रकात, एखाद्या मंजुरी-आदेशातील आकड्यात येऊन ठरते. उन्हाळी सहलीसारख्या किरकोळ वाटणाऱ्या विषयावर लिहावेसे वाटले ते त्यामुळेच.

२०१९ च्या मे महिन्यात अशा एका सहलीला पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण जे घडले ते कोणत्याही संस्थेत घडू शकले असते. मी तेव्हा प्रतिनियुक्तीवर दिल्लीत होतो, आणि एका परिचित प्राध्यापकांनी "मुलांना कुतुब परिसराविषयी चार शब्द सांगा" असा आग्रह केला होता. सकाळी साडेआठला निघणारी बस साडेदहाला निघाली. बसच्या दर्शनी भागावर कापडी फलक लावलेला, आत चाळीस विद्यार्थी, दोन कर्मचारी, एक छायाचित्रकार. महरौलीला पोहोचेपर्यंत पावणेबारा वाजले होते. फलक सोडवून, सर्वांना त्यामागे उभे करून छायाचित्रे काढण्यात आली आणि मग आम्ही तिकिटांच्या खिडकीकडे वळलो.

तेथे अडचण उभी राहिली. सोबतच्या अधिकाऱ्यांकडे प्रवेशशुल्कापोटी सोळाशे रुपयांची मंजुरी होती. चाळीस विद्यार्थी, दर चाळीस रुपये. ज्याने हे अंदाजपत्रक तयार केले त्याने दर पाहिला तो भारतीय नागरिकांचा. खिडकीमागील कर्मचाऱ्याने ओळखपत्रे पाहिली आणि शांतपणे हिशेब सांगितला. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान व म्यानमार येथील मिळून बावीस विद्यार्थी, त्यांना प्रत्येकी ४० रुपये. उरलेले अठरा अन्य देशांचे, त्यांना प्रत्येकी ६०० रुपये. एकूण ११,६८० रुपये. म्हणजे मंजुरीपेक्षा दहा हजार ऐंशी रुपये अधिक.

हा कर्मचारी उद्धट नव्हता की आडमुठाही नव्हता. त्याच्यासमोर दरफलक होता आणि त्यावर तीन प्रकारची माणसे लिहिलेली होती : भारतीय, सार्क व बिमस्टेक देशांचे नागरिक, आणि अन्य परदेशी. भारतात तीन-चार वर्षे राहून शिकणारा विद्यार्थी हा चौथा प्रकार फलकावर नव्हता. अन्यत्र एका स्मारकावर विद्यापीठाचे ओळखपत्र पाहून तेथील कर्मचाऱ्याने आपल्या समजुतीने भारतीय दराचे तिकीट दिल्याचे एका मुलीने सांगितले. हा चांगुलपणा झाला. पण ज्या सवलतीसाठी समोरच्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहावे लागते तिला प्रशासनाच्या भाषेत सवलत म्हणत नाहीत.

सोबतच्या अधिकाऱ्यांनी त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग सुचवला. ज्यांना मंजुरीत बसवता येते ते बावीस जण आत जातील, उरलेले अठरा बसमध्ये थांबतील. बस उन्हात उभी होती. नेपाळच्या एका मुलाने "मग आम्हीही बसतो" एवढेच म्हटले आणि तो रांगेतून बाहेर पडला. त्याच्या मागोमाग आणखी काही जण निघाले. मी खिशात हात घातला, पण माझ्याजवळ तीन हजारांच्या आसपास रक्कम होती. ती देऊ करताच टांझानियाचा एक विद्यार्थी, जो पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होता, मला बाजूला घेऊन अतिशय सभ्यपणे हिंदीत म्हणाला, "सर, पैशांचं नाही. मी इथे तीन वर्षं राहतोय. भाजीवाल्याशी घासाघीस करतो, पोलीस पडताळणीला जातो, वीज गेली की सगळ्यांबरोबर ओरडतो. या रांगेत आलो की मी पुन्हा कालच विमानातून उतरलेला होतो."

मला उत्तर सुचले नाही. सुचला तो एक पर्याय. कुतुब परिसराला लागूनच महरौली पुरातत्त्व उद्यान आहे. सुमारे दोनशे एकरांच्या या परिसरात बल्बनची कबर आहे, १५२८-२९ च्या सुमारास बांधलेली जमाली-कमालीची मशीद व कबर आहे, सिकंदर लोदीच्या काळातील राजों की बावली आहे, आणि येथे तिकीट नाही. आम्ही बस तिकडे वळवली.

त्या दुपारी झालेली सहल ही मी पाहिलेल्या सरकारी सहलींपैकी सर्वांत चांगली सहल होती, आणि ती कोणीही आखलेली नव्हती. बावलीच्या कमानींच्या सावलीत बसून मुले बोलू लागली. इथिओपियाच्या मुलीने त्यांच्याकडील लालिबेलाच्या, खडकात खाली खाली कोरत नेलेल्या चर्चवास्तूंची माहिती सांगितली. मी तिला वेरूळच्या कैलास लेण्याबद्दल सांगितले, तेही असेच कळसाकडून पायाकडे कोरत आणलेले. उद्यानाच्या एका कोपऱ्यात महरौलीतील पोरे क्रिकेट खेळत होती. अफगाणिस्तानच्या दोन मुलांनी त्यांच्याकडे चेंडू मागितला आणि अर्ध्या तासात दोन संघ तयार झाले. छायाचित्रकार मात्र कंटाळून बसमध्ये जाऊन झोपला होता. त्यामुळे अहवालात जी छायाचित्रे गेली ती तिकिटाच्या खिडकीसमोरची, फलकामागे उभे राहून काढलेली.

आता या घटनेचा प्रशासकीय अंगाने विचार करू.

प्रथम शुल्काचा प्रश्न. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांवर नागरिकांसाठी व परदेशी पर्यटकांसाठी वेगवेगळे दर आहेत. जागतिक वारसा असलेल्या व तत्सम प्रमुख स्मारकांसाठी हे दर २०१६ मध्ये ३० व ५०० रुपये करण्यात आले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ४० व ६०० रुपये. दुहेरी दर ही काही आपलीच खोड नव्हे, अनेक देशांत ती पद्धत आहे. तिचे समर्थनही करता येते : स्मारकांच्या जतनासाठी भारतीय करदाता आधीच पैसे देतो, आणि हजारो मैलांवरून विमानाने येणाऱ्या पर्यटकाला सहाशे रुपये जड नाहीत. हे समर्थन पर्यटकाच्या बाबतीत मला मान्य आहे. परंतु विद्यार्थी हा पर्यटक नाही. तो शहरात वर्षानुवर्षे राहतो, खरेदीवर अप्रत्यक्ष कर भरतो, त्याची शासनदरबारी नोंद असते. शिष्यवृत्ती असेल तर त्याच्या हाती येणारा पैसा भारत सरकारचाच असतो. म्हणजे एका मंत्रालयाने दिलेले पैसे दुसऱ्या मंत्रालयाच्या खिडकीवर परत घेण्याचा हा प्रकार झाला. संस्था सहलीचे पैसे भरते तेव्हा तर तो उघडच एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. शासनाच्या दृष्टीने त्यात जमा ना खर्च. विद्यार्थ्याला मात्र आपण कोणत्या रकान्यात बसतो याची सर्वांदेखत जाणीव करून दिली जाते.

महसूल बुडेल हा आक्षेप येणार, म्हणून थोडा हिशेब मांडतो. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात ४९,३४८ परदेशी विद्यार्थी होते, २०२१-२२ मध्ये ४६,८७८. त्यांपैकी सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे. सार्क व बिमस्टेक देशांचे सारे विद्यार्थी वजा केले, म्हणजे ज्यांना आजही भारतीय दर लागू आहे ते सोडले, तर उरतात साधारण पंचवीस हजार. यातील प्रत्येकाने वर्षात चार मोठी स्मारके सहाशे रुपये देऊन पाहिली असे गृहीत धरले तरी दरातील फरकाची रक्कम होते साडेपाच कोटींच्या आसपास. ही कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात त्या दराने फारच थोडे विद्यार्थी चारदा जातील; ते एकदा जातात किंवा जातच नाहीत. जो महसूल मुळात येतच नाही तो बुडण्याचा प्रश्न नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. सहल भर उन्हात का निघते? याचे उत्तर सहल आखणाऱ्याच्या बेफिकिरीत शोधू नये, ते आपल्या कार्यपद्धतीत आहे. सहलीचा खर्च हे अंदाजपत्रकातील एक लहानसे उपशीर्ष. नव्या वर्षाचे अनुदान हाती येऊन, तीन दरपत्रके मागवून, सर्वांत कमी दराची बस ठरेपर्यंत मे उजाडतो. बसचालक, लिपिक, शिपाई हे कार्यालयीन वेळेतच उपलब्ध. पहाटे वा सायंकाळी बोलवायचे तर जादा कामाचा भत्ता, त्यासाठी वेगळी मंजुरी. शिवाय वार्षिक अहवालात कार्यक्रम झाल्याचे छायाचित्र हवे आणि चाळीस जणांचे छायाचित्र काढायला भरपूर उजेड हवा. या साऱ्या बाबींची बेरीज केली की सहल आपोआप सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत येऊन बसते. कोणीही वाईट हेतूने वागलेले नसते. प्रत्येक टेबलाने आपापला नियम पाळलेला असतो.

आणि दिल्लीचे ऊन म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. सफदरजंग येथील वेधशाळेत २९ मे १९४४ रोजी ४७.२ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. बरोबर ऐंशी वर्षांनी, २९ मे २०२४ रोजी, तेथेच ४६.८ अंशांची नोंद झाली. समुद्रसपाटीपासून उंचावर, थंड हवेत वाढलेल्या उलानबातर किंवा अदिस अबाबाच्या मुलाला अशा दिवशी बारा वाजता तापलेल्या फरशीवर उभे करणे हा पाहुणचार नव्हे. उलट, पहाटेची दिल्ली मेमध्येही सुसह्य असते. बहुतेक स्मारके सूर्योदयाला उघडतात. लोदी उद्यान पहाटेच फिरणाऱ्यांनी भरून जाते, तेथे तिकीट नाही आणि तेथल्या कबरी कोणत्याही मोठ्या स्मारकाच्या तोडीच्या आहेत. सायंकाळचीही सोय होऊ शकते : २०१९ च्या जुलैमध्ये देशातील दहा स्मारके रात्री नऊपर्यंत खुली ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला, त्यांत दिल्लीतील हुमायूनची व सफदरजंगची अशा दोन्ही कबरी होत्या. (महाराष्ट्रातील वाचकांना सांगायला हरकत नाही की त्या यादीत गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथील मंदिरेही होती.) निर्णय झाले की त्यांचा उपयोग करणारी दुसरी यंत्रणाही जागी असावी लागते. पुरातत्त्व खात्याने दार उशिरापर्यंत उघडे ठेवायचे आणि विद्यापीठाने बस पाच वाजता परत आणायची, असे झाले तर दोघांच्याही कागदपत्रांत काम पूर्ण झालेले असते.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सहलीचा उद्देश कोणता? चाळीस मुलांना बसमध्ये बसवून, तीन ठिकाणी उतरवून, खाऊची पाकिटे देऊन परत आणले तर त्यांनी शहर पाहिले ते काचेतून. शहरानेही त्यांना पाहिले ते काचेतूनच. परदेशी विद्यार्थ्याला शहराची ओळख व्हावी यापेक्षाही शहराला त्याची ओळख व्हावी, याची आज अधिक गरज आहे.

हे मी का म्हणतो ते सांगतो. मे २०१६ मध्ये वसंत कुंज भागात ऑटोरिक्षावरून झालेल्या वादात काँगो देशाच्या एका तरुणाची हत्या झाली. मार्च २०१७ मध्ये दिल्लीला लागून असलेल्या ग्रेटर नोएडात जमावाने नायजेरियाच्या विद्यार्थ्यांवर हल्ले केले. २०१६ च्या त्या घटनेनंतर लगेचच दिल्लीत आफ्रिका दिनाचा सांस्कृतिक कार्यक्रम व्हायचा होता, आणि तो पुढे ढकलावा अशी मागणी आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी केली होती. ती बातमी वाचताना एक प्रशासक म्हणून मी अस्वस्थ झालो. आपण व्यासपीठावर मैत्रीचे नृत्य बसवत होतो आणि पाहुण्यांचे म्हणणे असे होते की आधी आमच्या मुलांना गल्लीतून निर्धास्तपणे चालता येऊ द्या. सहली काढल्याने असे गुन्हे थांबतील असा भाबडा दावा मी करणार नाही. त्यासाठी पोलीस, न्यायालय आणि तत्पर कारवाई हेच उपाय आहेत. परंतु ज्या मोहल्ल्यातील पोरांनी अफगाण मुलांबरोबर क्रिकेट खेळले आहे त्या मोहल्ल्यात अफवा थोडी हळू पसरते, एवढे मी माझ्या जिल्ह्यांतील अनुभवावरून नक्की सांगू शकतो. जातीय तणावाच्या काळात शांतता समितीची बैठक बोलावून जे साधत नाही ते वर्षभराच्या साध्या ओळखीदेखीने साधलेले मी पाहिले आहे.

मी स्वतः पुण्यात शिकत असताना आमच्या वसतिगृहात केनियाचा एक विद्यार्थी होता. मेच्या सुटीत त्याला आमच्या एका सातारकर मित्राने सरळ गावी नेले. दोन आठवडे तो तेथे राहिला, विहिरीत पोहला, आमरस-पुरीच्या पंगतीला बसला. मित्राची आई त्याला नावाने हाक मारू लागली आणि पुढे कितीतरी वर्षे प्रत्येक पत्रात त्याची चौकशी करीत असे. त्यासाठी कोणतेही अंदाजपत्रक मंजूर झालेले नव्हते. आज घरे लहान झाली, माणसे सावध झाली, हे मला कळते; पण संस्थेने पुढाकार घेऊन विश्वासाची हमी दिली तर एक दिवस, एक जेवण, एवढे आतिथ्य करायला तयार असणारी कुटुंबे दिल्लीत, पुण्यात, बंगळूरमध्ये आजही सहज मिळतील.

या विषयाला देशहिताचीही बाजू आहे. म्यानमारच्या आंग सान सू ची दिल्लीच्या लेडी श्रीराम महाविद्यालयातून १९६४ मध्ये पदवीधर झाल्या. अफगाणिस्तानचे हामिद करझाई सिमल्याला शिकले, नेपाळचे बाबूराम भट्टराई जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, मलावीचे बिंगू वा मुथारिका दिल्लीच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये. हे सारे पुढे आपापल्या देशांच्या सर्वोच्च पदांवर पोहोचले. त्यांच्या विद्यार्थिदशेत त्यांना तिकिटाच्या वा टपालाच्या खिडकीवर कोण भेटले असेल, हे त्या खिडकीमागच्या माणसाला कधीच कळले नसेल. २०१८ साली 'स्टडी इन इंडिया' हा उपक्रम सुरू झाला तेव्हा २०२३ पर्यंत दोन लाख परदेशी विद्यार्थ्यांचे लक्ष्य ठेवण्यात आले होते. वर दिलेले आकडे पाहिले तर आपण त्याच्या किती अलीकडे राहिलो ते दिसते. अभ्यासक्रम, मानांकने, वसतिगृहे अशी त्याची मोठी कारणे आहेतच. पण नवा विद्यार्थी जाहिरात पाहून जितका येतो त्याहून अधिक गावातल्या आधी जाऊन आलेल्या मुलाला विचारून येतो. आणि तो मुलगा काय सांगणार हे ठरते अशाच उन्हाळ्यांत.

दिल्लीला हे नवीन नाही. फिरोजशाह तुघलकाने १३५२ च्या सुमारास हौज खासच्या तलावाकाठी मदरसा बांधला, तो त्या काळातील विद्येचे मोठे केंद्र होता. त्याआधी १३३४ साली मोरोक्कोचा इब्न बतूता या शहरात आला आणि त्याला येथे काझीचे पद मिळाले. दूरदेशीच्या माणसाला आपल्यात सामावून घेण्याची या शहराची सवय आपल्या दरफलकांहून बरीच जुनी आहे.

मग करावे काय? टीका करून थांबणे हा आम्हा नोकरशहांचा निवृत्तीनंतरचा छंद असतो, म्हणून काही ठोस सूचना मांडतो. यांतील एकीलाही मोठा खर्च नाही.

१) भारतातील मान्यताप्राप्त संस्थेत शिकणाऱ्या व विद्यार्थी व्हिसावर नोंदणी झालेल्या प्रत्येकाला स्मारके व सरकारी संग्रहालयांत भारतीय दर लागू करावा आणि तसा स्पष्ट रकाना दरफलकावर लिहावा. गैरवापराची भीती निराधार आहे. परदेशी नागरिकांची नोंदणी २०१८ पासून ऑनलाइन झाली आहे. तिचा कागद व संस्थेचे ओळखपत्र एवढे दोन पुरावे पुरेत.

२) १५ एप्रिल ते १५ जुलै या काळात सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत उघड्यावरची कोणतीही सहल काढू नये, असे एका ओळीचे परिपत्रक प्रत्येक संस्थेने काढावे. दुपारच्या वेळेसाठी संग्रहालये, ग्रंथालये, नाट्यगृहे आहेत.

३) चाळीस जणांच्या एका बसऐवजी आठ-दहा जणांचे चार गट करावेत आणि ते मेट्रोने जावेत. दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसरातील विद्यार्थ्याला विश्वविद्यालय स्थानकावर पिवळ्या मार्गाची गाडी मिळते. तीच गाडी न बदलता चांदनी चौक, लोदी उद्यान व सफदरजंगच्या कबरीजवळचे जोर बाग, हौज खास आणि कुतुब मिनार अशी स्थानके घेत जाते. एका मार्गावर सुटीतले पाच रविवार बसतात. मुख्य म्हणजे, एकदा मेट्रोने गेलेला विद्यार्थी पुढच्या वेळी एकटा जाऊ शकतो. बसने नेलेल्याला पुन्हा बसचीच वाट पाहावी लागते.

४) प्रत्येक गटात दिल्लीतच घर असलेले दोन विद्यार्थी असावेत. त्यांना मानधन नको, पण राष्ट्रीय सेवा योजनेच्या धर्तीवर कामाची नोंद मिळावी. शक्य तेथे त्या दिवसाचे एक जेवण कोणाच्या तरी घरी व्हावे.

५) २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे असे म्हटले आहे. जेथे ते स्थापन झाले आहे तेथे ते प्रवेशाच्या काळात गजबजलेले आणि सुटीत कुलूपबंद, असे होऊ नये. सुटीत मेस, पाणी, वैद्यकीय मदत आणि सहल या चार गोष्टींची जबाबदारी नावानिशी एका व्यक्तीवर टाकावी.

६) सहलीच्या अहवालात छायाचित्रांऐवजी एक माहिती मागवावी : सहलीनंतर महिन्याभरात किती विद्यार्थी स्वतःहून शहरात पुन्हा फिरायला गेले? जे मोजले जाते तेच यंत्रणा करते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

सुरक्षिततेचा आक्षेप मला माहीत आहे. लहान गट, सार्वजनिक वाहतूक, त्यांत मुली. काही अघटित घडले तर जबाबदार कोण? हा प्रश्न मी स्वतः अनेक नस्तींवर लिहिला आहे, त्यामुळे त्याची थट्टा करणार नाही. परंतु ही मुले एरवी त्याच मेट्रोने, त्याच रस्त्यांवरून रोज एकटी जातच असतात. तेव्हा त्यांच्यासोबत कोणीच नसते. वर्षातील एक दिवस त्यांना पोलादी बसमध्ये सुरक्षित ठेवून आपण स्वतःला जबाबदारीतून मोकळे करतो, त्यांना नव्हे. उरलेल्या दिवसांसाठी शहर ओळखीचे करून देणे हीच खरी खबरदारी आहे.

त्या सहलीनंतर मी प्रवेशशुल्काविषयी दोन पानी टिपण तयार करून संबंधितांकडे पाठवले होते. 'विचाराधीन' असे उत्तर आले. शासनात विचाराला वेळ लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वरच्या सहा सूचनांपैकी पहिली सोडल्यास बाकीच्या पाचांना दिल्लीच्या मंत्रालयांची परवानगी लागत नाही. त्या एखाद्या कुलसचिवाला, विभागप्रमुखाला किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाला येत्या उन्हाळ्यात आपल्या अधिकारात करता येतील.

टांझानियाचा तो विद्यार्थी पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी दिल्लीतच राहिला. त्या जूनमध्ये त्याचा मला निरोप आला होता. नव्याने आलेल्या चार मुलांना घेऊन तो रविवारी पहाटे मेट्रोने महरौलीला गेला होता, राजों की बावली त्यानेच त्यांना दाखवली. क्रिकेटची पोरे तेथे होती का, असे मी विचारले. "होती, सर," त्याने कळवले, "त्यांनी अफगाण गोलंदाज कुठे आहे म्हणून विचारलं."